'मे', 'शॅल' आणि 'मस्ट'

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आपल्या शाळेवरून जाता-येता तुम्ही एक वाक्य नेहमी ऐकता. उशिरा आलेले पोर वर्गाच्या दारात उभे राहते आणि ओरडते, 'मे आय कम इन, सर?' आपल्या राज्यात सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यामुळे सहा वर्षांच्या पोरालाही हे वाक्य तोंडपाठ असते. त्याचा अर्थ, 'मी आत येऊ का, गुरुजी?' यातला पहिला शब्द 'मे'. शब्द एवढासाच. पण सगळी परवानगी त्याच्यात आहे.

आज मी अशाच थोड्या शब्दांविषयी बोलणार आहे. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. शिवाय 'ऑट टू' आणि 'नीड' हे दोन जोडीला आहेत. इंग्रजी व्याकरणात यांना 'मोडल' क्रियापदे म्हणतात. आपण त्यांना मदतनीस शब्द म्हणू.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्ही आत्ता कुठे मराठी वाचायला लागलो. आम्हाला इंग्रजीचे व्याकरण कशाला? खरे आहे. सगळे इंग्रजी तुम्हाला नकोच. पण बँकेचा कागद, विम्याचा कागद, औषधाच्या पाकिटातली चिठ्ठी, पोराच्या नोकरीचे पत्र हे सारे इंग्रजीतून घरात येते. त्यातले बाकीचे शब्द पोरे वाचून दाखवतात. बांधिलकी कोणावर आणि मोकळीक कोणाला, हे मात्र या दहा-अकरा शब्दांवर ठरते. आणि नेमके हेच शब्द पोरे वाचताना गिळून टाकतात.

आधी या शब्दांचा स्वभाव पाहू. 'वाचणे' याला इंग्रजीत 'रीड' म्हणतात. 'मी वाचू शकतो' हे 'आय कॅन रीड' असे होते. आपल्याकडे 'वाचू' आधी आणि 'शकतो' मागून. त्यांच्याकडे मदतनीस पुढे आणि मुख्य क्रियापद मागे. दुसरे असे की, 'तो वाचतो' म्हणताना इंग्रजीत 'रीड'चे 'रीड्स' होते. पण 'कॅन'चे 'कॅन्स' कधी होत नाही. मी असो, तो असो, ती असो, 'कॅन' आहे तसाच राहतो. आपले 'शकतो, शकते, शकतात' असे बदल त्याला माहीत नाहीत. या बाबतीत इंग्रजी सोपी आहे, हे कबूल करू.

एका बाबतीत मात्र आपली मराठी सरस आहे. 'मला सही करता आली पाहिजे' हे वाक्य घ्या. यात 'करता येणे' आहे आणि 'पाहिजे'ही आहे. शक्ती आणि गरज एका दावणीला बांधली. इंग्रजीत 'मस्ट' आणि 'कॅन' एका दावणीला राहत नाहीत. एका क्रियापदापुढे एकच मदतनीस चालतो. मग त्यांना 'कॅन' सोडून 'बी एबल टू' असा वळसा घ्यावा लागतो.

तुमच्यातल्या कोणी कोणी नातवंडांच्या मराठी व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ अशी नावे पाहिली असतील. त्यातला विध्यर्थ म्हणजे 'करावे'. हे एकच रूप किती कामे करते पाहा. 'मुलांनी खरे बोलावे' हे कर्तव्य झाले. 'या वर्षी पाऊस चांगला पडावा' ही इच्छा झाली. 'गाणे ऐकावे तर तिच्याच तोंडून' ही वाखाणणी झाली. रूप एक आणि अर्थ अनेक. इंग्रजीतल्या मदतनिसांचे हेच आहे. म्हणून एका शब्दाला एकच अर्थ पाठ करून चालत नाही.

'मे'चेच पाहू. वर्गाच्या दारातला 'मे' परवानगीचा. पण सर्दीच्या औषधाच्या पाकिटावर 'मे कॉज ड्राउझिनेस' असे छापलेले असते. इथला 'मे' संभवाचा. याने झोप येण्याचा संभव आहे, असा त्याचा अर्थ. झोपायची परवानगी दिली आहे असे नव्हे, बरं का! हसू नका. ती गोळी घेऊन ट्रॅक्टरवर बसणाराला हा 'मे' कळलेला बरा.

'मस्ट'लाही असे दोन अंग आहेत. 'यू मस्ट कम' म्हणजे तू आलेच पाहिजे. पण 'ही मस्ट बी टायर्ड' म्हणजे तो दमला असला पाहिजे. इथे आपला 'पाहिजे' अगदी त्याच वाटेने गेला आहे. सक्तीही तोच सांगतो आणि अंदाजही तोच. दोन दूरदेशीच्या भाषा एकाच वळणाने जातात, याची मला शिकवताना नेहमी गंमत वाटे.

नम्रतेचेही असेच आहे. 'पाणी दे' म्हणण्याऐवजी आपण परक्या दारात 'पाणी मिळेल का?' असे विचारतो. पुढचा काळ वापरला की मागणे मऊ होते. इंग्रजीत त्याच कामाला 'कुड' आणि 'वुड' लावतात. ती रूपे दिसायला भूतकाळाची, पण काम आर्जवाचे. एवढे पुरे.

खरी ठेच लागते ती 'नॉट' जोडल्यावर. 'नॉट' म्हणजे नाही. 'मस्ट' म्हणजे केलेच पाहिजे. आणि 'नीड' म्हणजे गरज असणे. आता 'यू मस्ट नॉट पे' आणि 'यू नीड नॉट पे' ही दोन वाक्ये घ्या. 'पे' म्हणजे पैसे भरणे. वरवर पाहता दोन्ही सारखी वाटतात. पण पहिल्याचा अर्थ, पैसे भरू नयेत, भरायला मनाई आहे. दुसऱ्याचा अर्थ, भरायची गरज नाही, भरले तरी चालतील. मराठीत 'नये' आणि 'गरज नाही' यांत आपण कधी घोटाळा करत नाही. पण मराठीतून विचार करून इंग्रजी वाचणारा माणूस 'मस्ट नॉट'ला 'केलेच पाहिजे असे नाही' असे समजतो. चांगली शिकलेली पोरेही इथे अडखळतात. 'मे नॉट' तर आणखी निसरडा. नियमांच्या कागदावर तो बहुधा मनाई सांगतो. साध्या बोलण्यात तो 'कदाचित नाही' एवढेच सांगतो.

आता 'शॅल' आणि 'विल'. दोन्ही पुढच्या काळाचे. आमच्या वेळी व्याकरणात नियम असे. स्वतःविषयी बोलताना साधा भविष्यकाळ 'शॅल'ने सांगायचा आणि दुसऱ्याविषयी 'विल'ने. ही जागा उलटी केली की निश्चय किंवा हुकूम होतो. यावर इंग्रजी शाळामास्तर एक जुनी गोष्ट सांगत आले आहेत. एक परका माणूस नदीत पडला. त्याला म्हणायचे होते, 'मी बुडणार हो! मला कोणी वाचवणार नाही!' पण घाबरून तो ओरडला, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' याचा त्या नियमाने अर्थ झाला, 'मी बुडणारच. खबरदार मला कोणी वाचवाल तर!' काठावरच्या सभ्य लोकांनी त्याच्या इच्छेला मान दिला आणि ते आपापल्या वाटेने गेले.

बोलण्यातून हा नियम आता गेला आहे. इंग्रज लोकही बहुतेक सगळीकडे 'विल' म्हणतात. पण कायद्याच्या कागदातून 'शॅल' गेला नाही. तिथे तो दुसऱ्याविषयी वापरतात, आणि म्हणून तो हुकूम असतो. मात्र मराठीत उतरताना त्याचे काय होते ते पाहा. आपल्या कायद्यांच्या मराठी पुस्तकांत 'शॅल'चे 'करील', 'देईल', 'असेल' असे केलेले असते. 'मे'चे 'करता येईल' असे केलेले असते. आता 'राज्य अमुक करील' हे वाक्य वाचून आपल्याला काय वाटते? करील तेव्हा करील! पाऊस पडेल, तसे सरकार करील. तो हुकूम आहे हे आपल्या कानाला कळतच नाही. तेव्हा कायद्याच्या पानावर 'करील' दिसला, की तो 'केलेच पाहिजे' असा वाचून पाहा. अर्थ लगेच उघडतो. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात अर्जाला ३० दिवसांच्या आत उत्तर देण्याविषयी जे कलम आहे, त्यातही हाच 'शॅल' आहे. कचेरीतला माणूस 'बघू, देऊ' म्हणाला, तर त्याने कलमातला शब्द बदलत नाही.

एक प्रश्न नेहमी विचारायचा. हा 'मे' कोणाचा? समजा, तुमचा भाचा कर्ज काढतो आणि तुम्हाला म्हणतो, 'मामा, तुम्ही फक्त जामीन राहा. नुसती सही तर करायची.' कागद इंग्रजीत असतो. त्यात 'द गॅरंटर शॅल बी लायेबल' अशा अर्थाचे वाक्य असते. गॅरंटर म्हणजे जामीनदार, म्हणजे तुम्ही. 'शॅल' तुमच्या नावापुढे आहे. पुढच्या ओळीत 'द बँक मे रिकव्हर' असे काही असते. रिकव्हर म्हणजे वसूल करणे. भाचा वाचून सांगतो, 'मामा, मे म्हटलंय. म्हणजे वसूल करतीलच असं नाही.' शब्दाचा अर्थ त्याने बरोबर सांगितला. पण मोकळीक कोणाला आहे? बँकेला. आधी भाच्याकडे जायचे की थेट तुमच्या दारात यायचे, हे बँक ठरवणार. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १२८ वे कलम हेच सांगते. करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराला धरा, मग मला, असे जामीनदाराला म्हणता येत नाही. 'मे' हा शब्द ऐकायला गरीब. पण तो ज्याच्या हातात असतो त्याचे हात मोकळे असतात, समोरच्याचे नव्हे.

यावर कोणी म्हणेल, मग 'शॅल' म्हणजे सक्ती आणि 'मे' म्हणजे मर्जी, एवढे लिहून घेतले की झाले. तेवढ्यावर भागत नाही. कोर्टे संपूर्ण कायदा वाचून ठरवतात. १८८० साली इंग्लंडच्या सर्वांत वरच्या न्यायपीठापुढे एका बिशपचा खटला आला होता. तिथे तत्त्व सांगितले गेले, की अधिकार एखाद्या हक्कदाराच्या भल्यासाठी दिलेला असेल, तर तो वापरणे हे कर्तव्यही होऊ शकते. मग अधिकाऱ्याला मोकळिकीचे निमित्त सांगता येत नाही. त्या खटल्यात मात्र बिशपची मुखत्यारी कायम राहिली. उलट बाजूने, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली उत्तर प्रदेशातल्या एका सरकारी नोकराच्या खटल्यात 'शॅल' सैल करून वाचला. शिक्षेआधी लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा असे घटनेत 'शॅल' घालून लिहिले आहे. तरी सल्ला घेतला नाही म्हणून शिक्षा रद्द होत नाही, असा निकाल झाला. तेव्हा 'शॅल' वाचला की निम्मे कळले, पुरते नव्हे.

आणि 'शॅल' असूनही काम वेळेवर होतेच असे नाही. पंचायतींविषयीची ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिच्यात पंचायती स्थापन करण्याला 'शॅल' आहे. बायकांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखण्याला 'शॅल' आहे. पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक घेण्यालाही 'शॅल' आहे. पंचायतींना कोणते अधिकार द्यावेत, तिथे मात्र राज्याच्या विधिमंडळाला 'मे' आहे. म्हणजे पंचायत हवीच, पण तिच्या हातात काय द्यायचे ते राज्याच्या मर्जीवर. इतके करूनही आपल्या राज्यात २०२२ साली मुदत संपलेल्या पुष्कळ जिल्हा परिषदांवर काही वर्षे प्रशासक बसून होते, हे तुम्ही पाहिलेच आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती तुमच्या-माझ्या फार जवळची आहे. शाळेची.

१८८२ साली हंटर कमिशन आपल्याकडे शिक्षणाची चौकशी करीत होते. महात्मा जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन दिले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. ती मागणी 'मस्ट'ची होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानात नेले. १९११ साली नामदार गोखल्यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात बिल आणले. ते 'मे'चे बिल होते. ज्या म्युनिसिपालिटीला किंवा लोकल बोर्डाला वाटेल तिने सरकारची मंजुरी घेऊन आपल्या हद्दीत सक्ती करावी, एवढेच त्यात होते. इतके मऊ बिल! तरी १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे आणि मोफत शिक्षण जाहीर केले, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया होता तो. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई इलाख्यात कायदा झाला, पण तोही म्युनिसिपालिट्यांना मुभा देणारा. पुन्हा 'मे'च.

मग स्वराज्य आले. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली. तिच्या ४५ व्या कलमात मुलांच्या शिक्षणाला 'शॅल' मिळाला. पण त्याच्या पाठोपाठ एक शब्द होता, 'एन्डेव्हर'. म्हणजे प्रयत्न करणे. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण मिळावे म्हणून राज्य दहा वर्षांच्या आत प्रयत्न करील, असे ते कलम होते. 'शॅल'ने हुकूम दिला, पण हुकूम कशाचा? शिक्षण देण्याचा नव्हे, प्रयत्न करण्याचा. शिवाय ते मार्गदर्शक तत्त्वांत बसवलेले. ही तत्त्वे कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत, असे ३७ वे कलम 'शॅल नॉट' घालून सांगते.

दहा वर्षे १९६० साली भरली. या वर्गात बसलेले तुमच्यातले बहुतेक जण त्यानंतर जन्मलेले आहेत. कोणी गुरांमागे गेले, कोणी धाकटी भावंडे सांभाळली, कोणी ऊस तोडायला आईबापांबरोबर फडावर गेले. तुम्हाला शोधत कोणी आले नाही, कारण शोधायचे बंधन कोणावर नव्हते. प्रयत्न चालू होता. मी पंचवीस-तीस वर्षे शाळेचे पट लिहिले. पटावर नाव आहे आणि पोर नाही, अशी किती पाने मी उलटली असतील! तेव्हा हा 'एन्डेव्हर' शब्द मला नुसता व्याकरणाचा वाटत नाही.

१९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात सांगितले, की चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा मुलाचा मूलभूत हक्क आहे. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि २१-अ हे नवे कलम आले. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना राज्य मोफत आणि सक्तीचे शिक्षण देईल, असे आहे. 'एन्डेव्हर' गळाला. 'शॅल'च्या पाठीला लागून 'प्रोव्हाइड' आला, म्हणजे देणे. एक शब्द काढायला ५२ वर्षे लागली. ते प्रत्यक्ष लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला. त्याच दिवशी २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा सुरू झाला.

त्या कायद्यातले काही 'शॅल' आपल्या कामाचे आहेत. वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही, असे १४ वे कलम म्हणते. शाळेला देणगी घेता येणार नाही, हे १३ वे. मुलाला मारता येणार नाही किंवा त्याचा मानसिक छळ करता येणार नाही, हे १७ वे. आमच्या पिढीच्या मास्तरांना हे शेवटचे कलम जड गेले, पण ते योग्य आहे. आणि १० वे कलम तुमच्यावर आहे. मुलाला किंवा पाल्याला शाळेत घालणे हे प्रत्येक आईबापाचे कर्तव्य राहील, असे त्यात आहे. तिथेही 'शॅल'च आहे. मात्र 'सक्ती'चा अर्थ आता बदलला आहे. शाहू महाराजांच्या काळी सक्ती मुख्यतः पालकावर होती. या कायद्याच्या ८ व्या कलमात सक्ती म्हणजे सरकारवरचे बंधन, असे स्पष्ट केले आहे. मूल शाळेत आले की नाही, टिकले की नाही, हे सरकारने पाहायचे.

त्या २१-अ कलमाच्या शेवटी एक 'मे' ठेवलेला आहे. शिक्षण देईल, पण कोणत्या पद्धतीने ते राज्य कायद्याने ठरवू शकेल. द्यायचे की नाही याला 'शॅल', कसे द्यायचे याला 'मे'. माझ्या मते ही वाटणी रास्त आहे. डोंगरातल्या वस्तीला आणि शहराला एकच पद्धत लावता येत नाही.

मागच्या खेपेला एका आजींनी विचारले होते, की माझी नात चार वर्षांची आहे, तिला हा हक्क आहे का? त्याचे उत्तर याच घटनादुरुस्तीत आहे. जुने ४५ वे कलम काढून तिथे नवे घातले. सहा वर्षे पुरी होईपर्यंत सर्व बालकांचे संगोपन आणि शिक्षण व्हावे, याविषयीचे ते कलम आहे. आणि त्यात 'शॅल'च्या मागे पुन्हा तोच शब्द बसवला आहे, 'एन्डेव्हर'. वरच्या मुलांकडून काढला आणि खालच्यांना दिला. आजींची नात अंगणवाडीत जाते. पहिलीत जाईपर्यंत घटनेच्या त्या ओळीत तिच्या वाट्याला प्रयत्नच आहे.